दहा मिनिटं उशिरा सुटलेलं ग्रहण

सतराव्या शतकातल्या दर्यावर्दी माणसाला आपण विषुववृत्तापासून किती उत्तरेला आहोत हे ध्रुवताऱ्याची उंची मोजून सांगता यायचं. पूर्व-पश्चिमेचा हिशेब मात्र अंदाजपंचे चालायचा. रेखांश काढायचा तर एकाच क्षणी दोन गावांत किती वाजले आहेत हे ठाऊक हवं. चार मिनिटांचा फरक म्हणजे एक अंश. पण इकडे सूर्य डोक्यावर आहे तेव्हा पॅरिसमध्ये किती वाजले, हे सांगणार कोण? घड्याळ सोबत न्यावं तर जहाजाच्या हेलकाव्यांनी आणि हवेच्या फरकानं ते पुढे-मागे होणार.

गॅलिलिओनं यावर तोड सुचवली होती ती आकाशातल्या घड्याळाची. जानेवारी 1610 मध्ये त्याला गुरूभोवती फिरणारे चार चंद्र दिसले. गुरूची लांबलचक सावली सूर्याच्या उलट दिशेला पसरलेली असते. चंद्र त्या सावलीत शिरले की विझतात, बाहेर आले की पुन्हा पेटतात. ही ग्रहणं पॅरिसमधून दिसोत की लिस्बनमधून, घडतात एकाच क्षणी. सर्वांत आतला चंद्र, आयो, साडेबेचाळीस तासांत एक फेरी पुरी करतो, म्हणजे घंटा वारंवार वाजते. गॅलिलिओनं ही कल्पना आधी स्पेनच्या दरबाराला आणि पुढे हॉलंडला देऊ केली. एक मोठी अडचण होती. कोणतं ग्रहण कधी होणार याचं भरवशाचं कोष्टक कुणाकडे नव्हतं.

ते कोष्टक 1668 मध्ये बोलोन्याच्या जिओव्हान्नी दोमेनिको कासिनीनं छापलं. त्याच्या जोरावर चौदाव्या लुईच्या दरबाराचं बोलावणं आलं आणि 1669 मध्ये तो पॅरिसला आला. तिथे नवी वेधशाळा उभी राहत होती. हायगेन्सनं 1656 मध्ये बनवलेलं लंबकाचं घड्याळ हाताशी होतं, आणि खुद्द हायगेन्सही पॅरिसच्या विज्ञान अकादमीत होता. राजाला आपल्या देशाचा नेमका नकाशा हवा होता. खगोलशास्त्रज्ञांवर खर्च होत होता तो या नकाशासाठी. प्रकाशाचा वेग मोजायचं काम कुणी कुणाला दिलेलं नव्हतं. ही सगळी माणसं एक वेळापत्रक सुधारत बसली होती, हे ध्यानात ठेवल्याशिवाय पुढची हकीकत नीट उलगडत नाही.

नकाशाच्या याच कामासाठी 1671 मध्ये पॅरिसच्या अकादमीतला ज्याँ पिकार डेन्मार्कला गेला. टायको ब्राहेनं सोळाव्या शतकात ह्वेन बेटावर बांधलेल्या युरानिबोर्ग वेधशाळेचे वेध सगळ्या युरोपात प्रमाण मानले जात. ते पॅरिसच्या वेधांशी जोडायचे तर दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांतलं अंतर पक्कं हवं. पिकार बेटावर पोहोचला तेव्हा युरानिबोर्गचा जेमतेम पाया उरला होता. तिथे मदतीला त्याला एक तरुण मिळाला: ओले रोमर, जन्म 1644, गाव ऑर्हुस, कोपनहेगनच्या रास्मुस बार्थोलिनचा विद्यार्थी. बार्थोलिननं नुकतंच, 1669 मध्ये, आइसलँडच्या स्फटिकातून बघितलं की एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, हे जाहीर केलं होतं. रोमर त्याच्याकडे टायकोची हस्तलिखितं छपाईसाठी लावून देत होता.

पिकार आणि रोमर डेन्मार्कमधून आयोची ग्रहणं टिपत होते, तीच ग्रहणं कासिनी पॅरिसहून टिपत होता. दोन्हीकडच्या घड्याळांत सुमारे 41 मिनिटांचा फरक. रेखांशाचं काम झालं. पण परतताना पिकारनं टायकोच्या कागदांबरोबर रोमरलाही पॅरिसला आणलं. 1672 पासून तो पॅरिसच्या वेधशाळेत राहू लागला. राजपुत्राला गणित शिकवणं, व्हर्सायच्या कारंज्यांच्या कामात हात लावणं आणि रात्री आयोची ग्रहणं बघणं, असा त्याचा दिनक्रम.

आयोचं ग्रहण सुटताना मी एकदा वांगणीच्या माळावरून पाहिलं आहे. दुर्बीण साधी, सहा इंची आरशाची. गुरूची तबकडी, तिच्यावरचे दोन फिकट पट्टे, बाजूला तीन चंद्र. चौथ्याची जागा काळी. वेळ छापील कोष्टकातून काढलेली होती, तरी डोळा भिंगाला लावून बसलं की मन कोष्टकावर विश्वास ठेवायला तयार होत नाही. मग त्या काळोखात काहीतरी आहे की नाही असं वाटायला लागतं. नजर थोडी तिरकी केली की ठिपका जाणवतो, सरळ बघितलं की नाहीसा होतो. हळूहळू तो ठरतो, उजळतो, आणि साडेतीन-चार मिनिटांनी बाकीच्या तिघांच्या बरोबरीला येतो. ‘सुटलं’ असं नेमकं कधी म्हणायचं? शेजारी बसलेल्या मित्रानं सांगितलेला क्षण आणि माझा क्षण यांत चांगली वीस सेकंदं होती. रोमरच्या हाती लांबलचक नळीची, जेमतेम रंगदोष आवरलेली दुर्बीण होती. मी हे इतकं सविस्तर सांगतो आहे कारण सगळा पेच या वीस सेकंदांत आहे.

आता हिशेब मांडू. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर धावते. ती सरळ गुरूपासून दूर पळत असेल, तर आयोच्या एका फेरीच्या साडेबेचाळीस तासांत साधारण 45 लाख किलोमीटर दूर जाते. एवढं जादा अंतर तोडायला प्रकाशाला 15 सेकंद लागतात. म्हणजे पुढचं ग्रहण 15 सेकंद उशिरा सुटलेलं दिसणार. पण सुटण्याचा क्षण ठरवतानाच वीस सेकंदांची गफलत होत असेल, तर हे 15 सेकंद त्यात बुडून जाणार. एका फेरीकडे कितीही डोळे ताणून बघा, प्रकाशाला लागणारा वेळ दिसत नाही. तो दिसतो साठवला तर. चाळीस फेऱ्या मोजल्या, म्हणजे साधारण सत्तर दिवस, की चाळीस गुणिले पंधरा: सहाशे सेकंद, दहा मिनिटं. दहा मिनिटं लपत नाहीत.

रोमरनं नेमकं हेच केलं. त्यानं वर्षावर्षांच्या नोंदी समोर ठेवल्या. पृथ्वी गुरूकडे जात असते त्या महिन्यांत आपल्याला ग्रहण फक्त लागताना दिसतं. सुटण्याची जागा गुरूच्या आड असते. प्रतियुतीनंतर, म्हणजे गुरू सूर्याच्या बरोबर समोर येऊन गेल्यावर, पृथ्वी दूर जायला लागली की उलट होतं, ग्रहण फक्त सुटताना दिसतं. जवळ जातानाच्या चाळीस फेऱ्या दूर जातानाच्या चाळीस फेऱ्यांहून ठळकपणे आखूड येत होत्या. वर्षानुवर्षं, त्याच क्रमानं. आयो कधी घाईत, कधी रेंगाळत, आणि त्याची घाई-रेंगाळणी पृथ्वी कुठे आहे यावर ठरते. गुरूच्या चंद्राला पृथ्वीशी काय देणंघेणं?

इथे मला आपल्याकडच्या पंचांगशुद्धीच्या वादातला एक शब्द आठवतो, दृक्प्रत्यय. गणितानं काढलेली वेळ डोळ्यांना आली पाहिजे, हा एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्र्यांचा आणि पुढे लोकमान्य टिळकांचा आग्रह होता. प्रत्यय आला नाही तर साधारणपणे दोनच शक्यता: गणित चुकलं किंवा वेध चुकला. रोमरपुढे तिसरीच शक्यता उभी होती. आयो वेळेवरच सावलीतून बाहेर येत होता, आणि वेध घेणाराही चुकत नव्हता. उशीर या दोघांच्या मधल्या वाटेवर होत होता.

ही शक्यता तेव्हा किती अवघड होती हे आज चटकन कळत नाही. प्रकाश क्षणात सर्वत्र पोहोचतो हे देकार्तचं ठाम मत होतं, आणि फ्रान्समध्ये देकार्तचा शब्द मोठा. त्याचा युक्तिवाद कच्चा नव्हता. चंद्रावरून प्रकाश यायला वेळ लागत असेल तर चंद्रग्रहण उशिरा दिसेल, सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत आल्यावर बऱ्याच वेळानं दिसेल. तसं दिसत नाही, म्हणून प्रकाशाला वेळ लागत नाही. युक्तिवाद बरोबर होता, अंतर अपुरं होतं. चंद्रापासून इथवर यायला प्रकाशाला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतात. तेवढा फरक त्या काळच्या कुठल्या घड्याळाला कळणार? गॅलिलिओनं 1638 च्या ग्रंथात दोन माणसांनी कंदील झाकायचे-उघडायचे असा प्रयोग मांडला, पण मैलाच्या आतल्या अंतरावर त्यातून काही निष्पन्न झालं नाही. एवढ्या अंतराला प्रकाश सेकंदाच्या एक लाखाव्या भागाच्या आत ओलांडतो. सूर्यमालेएवढं अंतर लागणार होतं, आणि तिथल्या कंदिलाची उघडझाप करायला आयो होता.

रोमरचा निबंध येण्याआधी हाच विचार खुद्द कासिनीनं बोलून दाखवला होता. चंद्रांच्या गतीतली ही विषमता प्रकाशाला यायला वेळ लागत असल्यामुळे असावी, पृथ्वीच्या कक्षेच्या अर्ध्या व्यासाएवढ्या अंतराला दहा-अकरा मिनिटं लागत असावीत, असं त्यानं मांडलं. आणि मग तो मागे हटला. लोकप्रिय पुस्तकांत कासिनीला बऱ्याचदा हटवादी म्हातारा करून टाकतात. ते मला पटत नाही. त्याची शंका खरी होती. उशीर प्रकाशामुळे असेल तर चारही चंद्रांच्या ग्रहणांत सारखाच दिसायला हवा, आणि बाकीच्या तिघांच्या नोंदींत तो तसा दिसत नव्हता. आज कारण माहीत आहे. हे चंद्र एकमेकांना ओढतात, आयोच्या चार फेऱ्या होतात तेव्हा पुढच्या चंद्राच्या दोन आणि त्याच्या पुढच्याची एक, आणि या ओढाताणीनं त्यांच्या वेळा पुढे-मागे होतात. 1676 मध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. चार साक्षीदारांपैकी तिघं वेगळं सांगत असताना एकाच्या साक्षीवर निकाल देऊ नये, एवढंच कासिनी म्हणत होता. रोमरनं मात्र तो एक साक्षीदार निवडला, कारण आयो गुरूच्या सर्वांत जवळ, त्याची ग्रहणं सर्वांत जास्त, सावलीत शिरणं-निघणं सर्वांत झटपट. मोजायला तोच सर्वांत चांगला. दोघांच्याही सावधपणाला आधार होता. मला रोमरचं धाडस मोठं वाटतं, कारण तो तिथे पाहुणा होता, आणि वेधशाळा कासिनीची होती.

सप्टेंबर 1676 च्या सुरुवातीला अकादमीपुढे सांगितलं गेलं की ऑगस्टमधल्या ग्रहणांवरून हिशेब केला तर नोव्हेंबरमधलं ग्रहण जेव्हा सुटायला हवं, त्याहून दहा मिनिटं उशिरा सुटलेलं दिसेल.

9 नोव्हेंबरच्या संध्याकाळी पॅरिसमध्ये आयो सावलीतून बाहेर आला. नोंद झाली: 5 वाजून 35 मिनिटं 45 सेकंद. दहा मिनिटं उशीर.

दोन आठवड्यांच्या आत रोमरनं अकादमीत आपलं म्हणणं वाचलं आणि 7 डिसेंबर 1676 च्या ‘जूर्नाल दे साव्हाँ’मध्ये त्याचा वृत्तान्त आला. तोही तिसऱ्या पुरुषात लिहिलेला, मोजक्या पानांचा. एका आकृतीत सूर्य, पृथ्वीची कक्षा, गुरू आणि सावलीत जाणारा आयो. निष्कर्ष असा की पृथ्वीच्या कक्षेचा पूर्ण व्यास ओलांडायला प्रकाशाला 22 मिनिटं लागतात. पुढच्या वर्षी तो इंग्लंडच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात इंग्रजीत छापून आला.

या वृत्तान्तात प्रकाशाचा वेग दिलेलाच नाही. शाळेत आपण ‘रोमरनं प्रकाशाचा वेग मोजला’ असं शिकतो, पण सेकंदाला अमुक कोस असा आकडा त्यात सापडत नाही. त्यानं एवढंच म्हटलं की सुमारे तीन हजार लीग, म्हणजे साधारण पृथ्वीच्या व्यासाएवढं अंतर ओलांडायला प्रकाशाला एक सेकंदही लागत नाही. बाकी सगळा हिशेब मिनिटांचा. यात मला मोठा शहाणपणा दिसतो. वेग काढायचा तर अंतर हवं, आणि सूर्य किती लांब आहे हे 1676 मध्ये नुकतं कुठे चाचपलं जात होतं. 1672 मध्ये ज्याँ रिशे दक्षिण अमेरिकेतल्या कायेन इथून आणि कासिनी पॅरिसहून मंगळाचे वेध घेऊन त्या अंतराचा अंदाज बांधू लागले होते. वेळ मात्र रोमरच्या हातातल्या घड्याळात होती. जे मोजलं होतं तेवढंच त्यानं सांगितलं. अंतराचा भाग हायगेन्सनं जोडला आणि 1690 च्या प्रकाशावरच्या ग्रंथात आकडा मांडला. तो आजच्या मापात सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या थोडा वर येतो. खरा आकडा 2,99,792 किलोमीटर आहे. कक्षेच्या व्यासाला खरं तर 22 मिनिटं लागत नाहीत, 16 मिनिटं 38 सेकंद लागतात. चूक मोठीच. पण आधीचं मत ‘शून्य’ होतं, आणि शून्यापासून 22 पर्यंतची उडी 22 पासून साडेसोळापर्यंतच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी मोठी.

आजही अवकाशात काम करणारे लोक रोमरसारखंच बोलतात, आधी वेळ. सूर्याचा प्रकाश इथे यायला 8 मिनिटं 19 सेकंद. 1838 मध्ये बेसेलनं हंस तारकासमूहातल्या 61 क्रमांकाच्या ताऱ्याचं अंतर काढलं तेव्हाही तिथून प्रकाश यायला 10.3 वर्षं लागतात असं सांगितलं. आणि व्हॉयेजर 1: मार्च 1979 मध्ये गुरूजवळून जाताना याच यानानं आयोचे फोटो पाठवले, आणि त्यांतल्या एकात आयोच्या कडेवर ज्वालामुखीचा फवारा दिसला. पृथ्वीबाहेरचा जागता ज्वालामुखी पहिल्यांदा पाहायला मिळाला तो असा. तेच यान आता इतकं दूर गेलं आहे की नोव्हेंबर 2026 च्या मध्यावर ते पृथ्वीपासून एक प्रकाश-दिवस अंतरावर असेल, सुमारे 2,590 कोटी किलोमीटर. त्याला हाक मारली की उत्तर दोन दिवसांनी. त्या नोव्हेंबरात रोमरच्या निबंधाला बरोबर 350 वर्षं होतील.

रोमर 1681 मध्ये मायदेशी परतला. बार्थोलिनच्या मुलीशी, आन मारीशी, त्याचं लग्न झालं. कोपनहेगनला प्राध्यापक आणि राजाचा गणिती म्हणून त्यानं जी कामं केली त्यांची यादी वाचून थक्क व्हायला होतं. 1683 मध्ये सगळ्या देशाला एकच वजनमापं दिली. 1700 मध्ये कालगणना सुधारून फेब्रुवारीतले 11 दिवस कॅलेंडरमधून वगळले. शहराच्या रस्त्यांवर तेलाचे दिवे लावले. 1705 मध्ये तो पोलीसप्रमुख झाला. 1708 मध्ये फारेनहाइट नावाचा तरुण त्याच्याकडे तापमापक बघायला आला होता. मध्यान्हवृत्तावरून जाणाऱ्या ताऱ्यांचे वेध घ्यायचं त्याचं उपकरण पुढे जगभरच्या वेधशाळांनी स्वीकारलं. हजारो वेध त्यानं लिहून ठेवले. 19 सप्टेंबर 1710 रोजी तो गेला.

पॅरिसमध्ये मात्र वाद संपलेला नव्हता. इंग्लंडात हॅलीनं 1694 मध्ये जुन्या नोंदी तपासून सूर्यापासूनचा वेळ 11 मिनिटांवरून साडेआठवर आणला, न्यूटननंही सात-आठ मिनिटांचा आकडा स्वीकारला. पण कासिनीच्या गटाला तीन चंद्रांची शंका सोडवत नव्हती. ती सुटायला आयोशी काहीच संबंध नसलेला पुरावा लागला. लंडनजवळ क्यू इथे एका घराच्या धुराड्याला बांधलेल्या लांब दुर्बिणीतून जेम्स ब्रॅडली कालेय तारकासमूहातल्या एका ताऱ्याकडे बघत होता. तारा वर्षभरात वीसेक विकलांनी इकडे-तिकडे सरकत होता, पण भलत्याच दिशेला. सप्टेंबर 1728 मध्ये थेम्समध्ये नावेतून फिरताना त्याच्या लक्षात आलं की नाव दिशा बदलते तेव्हा डोलकाठीवरचा वातदर्शकही फिरतो, वारा तोच असला तरी. पृथ्वी म्हणजे नाव, ताऱ्याचा प्रकाश म्हणजे वारा. या सरकण्यावरून त्यानं सूर्यापासून पृथ्वीपर्यंत प्रकाशाला लागणारा वेळ काढला: 8 मिनिटं 12 सेकंद. खऱ्या आकड्याहून सात सेकंद कमी.

ब्रॅडलीचा हिशेब जुळत होता त्याच शरद ऋतूत, ऑक्टोबर 1728 मध्ये, कोपनहेगनला आग लागली. तीन दिवस शहर जळत होतं. विद्यापीठाच्या गोल मनोऱ्यातली वेधशाळा गेली, रोमरची उपकरणं गेली, आणि आयुष्यभराच्या वेधांची बाडं गेली. त्याचा शिष्य पेडर होरेबो याला जे वाचवता आलं त्यात ऑक्टोबर 1706 मधल्या तीन रात्रींचे वेध होते. त्या तीन रात्रींच्या ताऱ्यांच्या जागा पुढे टोबियास मायरनं आपल्या वेधांशी ताडून पाहिल्या आणि तारे स्वतःही सरकतात याचा पुरावा त्यातून काढला.

1913 मध्ये कर्स्टिन मायर या डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ बाईंना रोमरच्या हातचा आणखी एक कागद मिळाला. त्यावर 1668 ते 1677 या वर्षांतल्या आयोच्या साठेक ग्रहणांच्या वेळा आहेत, पिकारनं आणि त्यानं घेतलेल्या. 1915 मध्ये मायरबाईंनी तो छापला. दोनशे वर्षं इतिहासकारांकडे 22 मिनिटं हा आकडा होता, तो कोणत्या रात्रींमधून आला हे सांगणारी नोंद नव्हती. आता ती आहे. ज्याला हवं त्यानं एकेक ग्रहण घ्यावं, त्या दिवशी पृथ्वी आणि गुरू कुठे होते ते काढावं, चाळीस फेऱ्या मोजाव्यात आणि उशीर किती झाला ते स्वतः बघावं.